शेड नंबर ४१७

खोक्यात कागदाच्या चिंध्या, आणि चिंध्यांत ती,
हिरवट काचेची, मानेवर मेणाचा शिक्का.
अक्कलकोट रोडची एमआयडीसी, मे महिना,
कस्टमच्या कागदावर सही माझी.

कास्तेरा कुटुंब. बोर्दोच्या पलीकडचं कुठलंसं गाव.
चार वर्षं आमच्याकडून ग्लास पुसायचे पंचे घेतात.
पहिल्या वर्षी चाळीस डझन परत आले होते :
काचेवर तंतू राहतात.
नायना तेव्हा आठवडाभर
जेवताना मान वर करत नव्हते.

चिठ्ठी त्यांच्या मुलीची, तिरक्या अक्षरात :
आता तंतू राहत नाहीत.
ही आमच्या घरची, तीन द्राक्षांची.
यंदा गारा पडल्या, सेमियों अर्धीच हाती लागली,
मग मुस्कादेल वाढवली, त्यावरून आई आणि भाऊ
दोन दिवस भांडले. सोव्हिन्यों आहे तेवढीच.
थंड करून प्या.

थंड!
फ्रिजमध्ये तर लॅबच्या बाटल्या, कवटीचं चित्र असलेल्या.
नायना म्हणाले, पंचा भिजव.
त्या चाळीस डझनांतलाच एक उरला होता, मशिनी पुसायला.
तो तिला गुंडाळला तापाच्या पोराला गुंडाळावा तसा
आणि कूलरसमोर ठेवली, पाळी सुटेपर्यंत.

बुचाशी फिटर इरण्णा बोद्दुल झुंजला,
एक लांब स्क्रू, एक पक्कड, एक तेलुगू शिवी.
अर्धं बूच वर आलं. अर्धं आत पडून तरंगत राहिलं.
येमूलशेठचा शनिवार, त्यांनी लांबूनच पाहिलं.
मी स्टीलची फुलपात्रं मांडली, शेंगाचटणी, कडक भाकरीचे तुकडे.

स्टीलमध्ये काय दिसणार, म्हणत नायना उठले,
लॅबमधून बीकर आणला, तीनदा धुतला,
त्यात ओतली आणि उत्तरेच्या खिडकीत धरली,
जिथे ते तीस वर्षं शेड तपासतात,
कारण उत्तरेचा उजेड खोटं बोलत नाही.

ही पांढरी?
पांढरीच म्हणतात, नायना.
पांढरी नाही. कोरी आहे.
ब्लीचिंगला गेलेलीच नाही ही.

आणि मग, कुणी न विचारता, इरण्णाला सांगत राहिले :
पांढरा एकटा कधी पांढरा दिसत नाही, बाबा.
निळ्याचा थेंब लागतो. जांभळ्याचा त्याहून कमी.
एक कमी पडला तर दुसऱ्याला पुढे करायचा,
पण असा, की गिऱ्हाइकाला कळता कामा नये
कोण गेलं आणि कोण आलं.
त्या म्हातारीला कळतं हे, बघ.

प्याले. एक घोट. गालात धरून ठेवला.
इरण्णा म्हणाला, ताडी बरी.
मला आधी आंबट लागली, मग काहीच नाही,
मग भाकरी चावताना अचानक गोड.

वास कसला येतो? नायनांनी मला विचारलं.
क्लोरीनची टाकी फुटली त्या वर्षापासून
त्यांना आमटी करपलेलीही कळत नाही.
मी नाक बुडवलं बीकरमध्ये.
कच्चं कवठ, म्हटलं. भिजवलेला चुना.
लिंबाची पानं, चुरगळलेली.
आणि?
आणि आपला पंचा, ओला.
ते हसले. पंचाचा वास मात्र त्यांना आठवत होता.

सोमवारी बाटली भांडारात गेली, निळ ठेवायला.
लेबल त्यांनी कोमट पाण्यात सोडवून
शेडच्या रजिस्टरात चिकटवलं, शेजारी
कोऱ्या कापडाचा एक चौकोन, कातरीने कापलेला.
नंबर ४१७. नाव : कास्तेरा.
प्रमाणाच्या रकान्यात पेन्सिलीने :
विचारायचं आहे.

मी मेल केला. उत्तर मुलीचं आलं, एकाच ओळीचं :
दर वर्षी वेगळं असतं, आई अजून सांगत नाही.
मी ते वाचून दाखवलं.
नायनांनी रजिस्टर उघडलं, पेन्सिल हातात घेतली,
आणि काहीच न लिहिता
पुढच्या लॉटचा पिवळा बघायला निघून गेले.