सहा

बुधवारी नर्स फोनवर विचारते,
एक ते दहामध्ये आज किती?
मी म्हणते, सहा.
पाच म्हटलं तर गोळ्या कमी होतात,
सात म्हटलं तर रोवानिएमीला बोलावतात,
तीनशे किलोमीटर, टॅक्सीत बसून,
आणि बसणं हेच तर सात आहे.

तिच्याकडे आकडे, माझ्याकडे शब्द.
पहाटे ठणका असतो, खुब्यात, घणासारखा एकमार्गी.
कळ वेगळी. ती येते, वळून बघते, निघून जाते.
चमक उठते किटलीकडे हात नेताना,
म्हणून किटली अर्धीच भरायची.
आणि रात्रभर चालते ती नुसती शिणक,
पलीकडच्या खोलीत कुणी भांडी विसळत बसावं तशी.
एवढ्यांची बेरीज करून
मी म्हणते, सहा.

डिसेंबर लागला आणि सूर्य गेला.
आता दुपारी बाराच्या सुमारास
दक्षिणेला धुतलेल्या निळीएवढा उजेड येतो.
खिडकी नऊ पावलांवर.
पोचेपर्यंत बऱ्याचदा तो ओसरलेला असतो.

अठ्ठावीस वर्षं मी या भागात टपाल वाटलं.
उणे पस्तीसमध्ये, नेल्लिमच्या शेवटच्या घरापर्यंत.
कुत्र्यांची नावं अजून पाठ आहेत, माणसांची गेली.
आता माझी स्वतःची पत्रपेटी
रस्त्याच्या कडेला, चौऱ्याण्णव पावलांवर,
डोक्यावर बर्फाचा ढीग घेऊन
आठवडाभर तोंड मिटून उभी असते.
पायरीपाशी घसरगाडी आहे, पोलादी पट्ट्यांची,
ढकलत ढकलत चालायची.
इथल्या साऱ्या म्हाताऱ्यांचा पांगुळगाडा.
ऐंशीची लेम्पी तिच्यावरून दुकानात जाऊन येते,
येताना माझ्या खिडकीकडे हात हलवते.
मी एकसष्टची.
मीही हलवते. खांद्यापर्यंत.

लाकडं आणून देतो शेजारचा ओइवा, सतरा वर्षांचा,
दर सोमवारी, टोपीही न काढता.
रचतो मात्र देखणी, सालीची बाजू वर,
जमिनीपासून छातीपर्यंत,
त्याच्या आजोबांनी शिकवली तशी.
गुरुवारपर्यंत ढीग माझ्या कमरेला येतो,
शनिवारी गुडघ्याला.
गुडघ्याखालची लाकडं माझी नाहीत.
ती मी बघते.
रविवारी दोन स्वेटर घालून,
वर ताइस्तोचा कोट चढवून,
समोर बसून बघते.

दोन हिवाळे असेच गेले.
या सोमवारी तो म्हणाला,
तुम्ही फार जपून जाळता, हिल्का.
शिल्लक राहतात दर वेळी. आई म्हणते, शिकावं तुमच्याकडून.
त्याच्या आवाजात आदर होता.
मी हो म्हणणारच होते.
काटकसरी बाई हे काही वाईट नाव नाही,
त्या नावाखाली आणखी एक हिवाळा निघाला असता.

वाकता येत नाही मला, मी म्हटलं.
चुलीकडे बघत म्हटलं.
पत्र चुकीच्या घरी टाकल्यासारखं वाटलं,
परत काढून घ्यावं असं.

तो काहीच बोलला नाही.
इथे कुणी काही बोलत नाही, त्यात विशेष नाही.
दार उघडं टाकून बाहेर गेला,
सगळी ऊब अंगणात निघून गेली,
आणि परत आला तो सौनाचं बाक घेऊन,
वरच्या पायरीचं, ताइस्तोच्या पाठीने गुळगुळीत झालेलं.
तीन वर्षं त्या खोलीत मी पाऊल टाकलेलं नाही.
त्याने ते भिंतीला लावलं, हलवून बघितलं,
एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली,
आणि सगळी लाकडं पुन्हा पहिल्यापासून रचली,
बाकाच्या वर.
सर्वांत खालचं लाकूड आता माझ्या हातापाशी.

पत्रपेटी? जाताना त्याने विचारलं.
ती राहू दे, मी म्हटलं.
एका दिवसात एवढंच जमतं माणसाला.

रात्री दोनला ठणक्याने उठवलं, नेहमीसारखं.
नऊ अधिक दोन पावलं, भिंतीला धरून.
चुलीत निखारे भरपूर होते,
गरज काहीच नव्हती.
तरी एक लाकूड घेतलं, जाडसं, बर्चचं,
आणि टाकलं आत.
साल पेटली तेव्हा मोठा उजेड झाला.

बुधवारी तिने विचारलं, किती?
सहा, मी म्हटलं.
सहाच होतं.