पेपर नववा

परंड्याच्या आमच्या कॉलेजात
आंतरराष्ट्रीय संबंधांचा तास दुपारी दोनला.
बी. ए. तृतीय वर्ष. पटावर एकतीस, बाकांवर सात.
जगाचा नकाशा फाटलाय नेमका भूमध्य समुद्रात,
तिथं चांदपाशा शिपायानं चिकटपट्टी मारलीय.

मी फळ्यावर लिहितो : अराजक.
म्हणजे दंगल नव्हे, सांगतो,
म्हणजे राज्यांच्या डोक्यावर कुणी नाही,
दाद मागायला चावडी नाही,
ज्यानं त्यानं आपली काठी उशाशी ठेवायची.
वास्तववादी असं म्हणतात. लिहून घ्या,
दहा मार्कांना येतं.

मागच्या बाकावरून इंदुमती गोडगे म्हणते,
"म्हंजे साडेआठनंतरचा यष्टी स्टँड.
कंट्रोलर घरी जातो, खिडकी बंद.
मग बार्शीची शेवटची गाडी लागती.
सांगायला कुनी नसतं, सर,
तरी खिडकीतनं रुमाल टाकला
की ती जागा त्याची."

असलम मुजावर म्हणतो, "आन् रुमाल उचलून फेकला तर?"
"तर भांडन. पन रोज न्हाय होत."

रोज न्हाय होत.
खडू हातातच राहिला.
तीस वर्षं मी परक्या पुस्तकांतले कैदी शिकवतोय,
हरणामागं धावणारे शिकारी शिकवतोय,
आणि ही पोरगी दहा रुपयांच्या चौकटीच्या रुमालात
अर्धा पेपर बांधून मोकळी.

किल्ल्यावर नेतो त्यांना, सहलीला निधी नाही म्हणून.
खंदक बघा. भीतीनं खणलाय.
पण पलीकडच्याला त्यात भीती दिसली नाही,
त्यानं बुरूज मोजले
आणि घरी जाऊन तोफ ओतली.
तोफेची बातमी आली, ह्यांनी बुरूज चढवला.
दोघंही खरंच बोलत होते :
आम्ही फक्त राखण करतोय.

"मग आधी कुनी थांबायचं?" असलम, तोफेला टेकून.
पुस्तकात ह्याची तीन उत्तरं आहेत
आणि तिन्ही एकमेकांना खोडतात.
मी वडलांचं सांगत बसलो.

तेव्हा सरहद्द इथूनच जायची, बार्शीच्या वाटेवर.
अलीकडं निजाम, पलीकडं इंग्रज,
मध्ये करोडगिरीचा नाका, एक आडवा बांबू.
वडील नऊ वर्षांचे, नाक्यावर रांजण भरायचे.
अलीकडं हाली, पलीकडं कलदार,
भाव रोज हलायचा,
आणि गुरनाथ तेल्याकडं दोन्ही चालायचे.
दोन गल्ले, एक तराजू.
कुठल्या तहात नव्हतं लिहिलेलं.

मग भादवा आला. रणगाडे आले.
बांबू कुणीतरी उचलून नेला,
दिवाळीपर्यंत त्यावर गोधड्या वाळत होत्या.
आधी ह्यांची घरं जळली होती,
नंतर त्यांची जळली.
हे वडलांनी कधी पुरतं सांगितलं नाही,
इथवर आले की पाणी मागायचे,
तांब्या रिकामा झाला तरी तोंडाला धरून ठेवायचे.

चांदपाशा खाली गेटाशी उभा होता, हाजरी मोजायला.
मी पुढं बोललो नाही.

चाचणीत प्रश्न टाकला :
राज्ये परस्परांशी सहकार्य का करतात?
पाच मुद्दे अपेक्षित.
इंदुमतीनं एकच ओळ लिहिली :
कारण उद्या परत त्याच गाडीनं यायचं असतं.

दहापैकी सहा दिले.
ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी,
"सर, चार कशाचे गेले?"

ज्यांनी घरं पेटवली, पोरी,
त्यांनाही उद्या त्याच विहिरीवर यायचं होतं.

हे मी म्हणालो नाही.
म्हणालो, अक्षर सुधार.
आणि बाहेर जाऊन
माठातलं पाणी प्यालो, उभ्यानं.