मैनोद्दीन टेलरची माशी

दसऱ्याचं सोनं फळीवर वाळून गेलंय.
धारूरच्या घाटाखाली ओढा आता गढूळ नाही;
तळाचा गोटा न् गोटा मोजून घ्यावा,
आणि गोट्यावर थांबलेल्या मळ्याची सावली
मळ्याच्या आधी दिसते.

आम्ही भोई. आमच्या घरात
मासा हा वजनाचा शब्द.
पाव किलो, दीड किलो, बर्फ, टोपली, काटा.
पाण्याकडं बघायचं ते
जाळं कुठवर जाईल एवढ्यापुरतं.

मैनोद्दीनमामू मात्र
दुकान पोराच्या भरवशावर टाकून
उजाडायच्या आत स्टँडमागून निघतो.
खांद्याला वेळूची काठी, शर्टाच्या खिशात काड्यापेटी,
काड्यापेटीत कापसावर निजलेल्या सहा माश्या.
खऱ्या नाहीत.

पलटणीत दर्जी होता तो, सोळा वर्षं.
वर हिमाचलात कुठं, बर्फाच्या पाण्याकाठी
एक सुभेदार पिसांच्या माश्या बांधायचा
ट्राउट नावाच्या ठिपकेदार माशासाठी.
धागा संपला की यायचा मामूकडं.
धागा देता देता मामूचा हात शिकला.

‘इथं कुठला आलाय ट्राउट, मामू?’
‘नै ना रे भुजंग.
पन ये महिना तो हय.’

लाल कोंबड्याच्या मानेचं पीस,
अंग काजाच्या करड्या दोऱ्याचं,
पोटाला कुणाच्या तरी लग्नातल्या ब्लाउजची उरलेली जर.
गाठ मारताना दोरा ओठांत ओला करतो,
सुईत ओवताना करतात तसा.
मी हसलो होतो पहिल्यांदा.
आमच्यात गळाला गांडूळ लावतात, नाहीतर कणकेची गोळी.
मरणाऱ्याच्या तोंडात निदान घास तरी असतो.

काठी मागं जाते. थांबते.
(हे थांबणं कळायला मला दोन पावसाळे लागले.)
मग पुढं.
दोरा हवेत काहीतरी लिहितो आणि लगेच पुसतो.
माशी पाण्याला टेकते,
बांधावरच्या तुरीचं फूल गळावं तेवढीच.

वर डोंगरात कुणीतरी सीताफळं तोडायलंय,
डोळा उघडलेली तेवढीच.
सोयाबीनच्या मळणीयंत्राचा आवाज
खाली येईतो भुंग्याएवढा होतो.

यंदा मामूच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय.
सुईचं नाकं दिसत नाही,
पाण्यावरची माशी कुठली दिसायला!
मी शेजारी गुडघाभर पाण्यात उभा राहून सांगतो:
आला.
वळला.
बघायलाय.
गेला.

मासा हेरणारे डोळे आमच्यात बापाकडून येतात.
ते असे उसने द्यायचे असतात
हे कुणी बोललं नव्हतं.

उन्हं अंगावर आली तरी काही नाही.
खरे किडे पाण्यावर नाचत होते, फुकटचे,
आणि मळे त्यांनाच खात होते, शहाणे.
मामूनं माशी बदलली. परत बदलली.
पाचवी झाडात अडकली, तिथंच राहिली.
सहावी टाकली
आणि मी ‘आला’ म्हणायच्या आत
त्याचं मनगट उठलं होतं.

वीतभर मळ्या. कल्ल्याजवळ केशरी.
मामूनं आधी हात भिजवला, मग धरला;
कोरड्या हातानं खवलं दुखतात म्हणे.
ओठातून गळ सोडवला, उसवणीचा टाका काढावा तसा,
तोंड धारेकडं करून तळहातावर धरून ठेवला
त्याचा त्याला दम येईपर्यंत.
मग तळहात होता, मळ्या नव्हता.

‘कैसा था?’ मामूनं विचारलं.
मी वजन सांगायला तोंड उघडलं
आणि केशरी रंगाबद्दल बोलत राहिलो
घाट चढून होईपर्यंत.

घरी टोपली कोरडी.
लक्ष्मणबाई म्हणाली, ‘दिवसभर काय करायलता?’
मी म्हटलं, पाणी बघायलतो.

आमच्या लाल कोंबड्याच्या मानेवर
चार पिसं कमी आहेत.
तिनं अजून मोजलेली नाहीत.