फरशी

मकरपुरा जीआयडीसी, शेड नंबर चारशे सत्तावीस.
पाटीवरची अक्षरं उडालेली. आत एसी, चपला दाराशी.
दोन गिगाहर्ट्झपासून अठरापर्यंत
हवेत जे जे आहे ते ऐकणारी पेटी
आम्ही इथे जुळवतो.
ऐकणारी, बरं का. बोलत नाही.

पेटीचा जीव एक मणी.
मोहरीच्या निम्मा, काळपट, घासून आरसा केलेला,
दोन चुंबकांच्या मध्ये दांडीच्या टोकाला चिकटलेला.
चुंबकाचा जोर बदलेल तसा तो
एकेका लहरीला ओळख देतो,
बाकीच्या दाराबाहेर.
खानविलकरबेन मायक्रोस्कोपला डोळा लावून
तो इतकासा फिरवायच्या
की फिरवलाय असं वाटायचंच नाही.
पडद्यावरची टेकडी मात्र सरळ उभी राहायची.

पडद्याच्या तळाला जी खरखर पसरलेली असते
तिला साहेब नॉइज फ्लोअर म्हणतात.
बेन म्हणायच्या, फरशी.
"फरशी स्वच्छ ठेव, धवल.
मग पाहुणा कितीही बारीक असो, दिसतो."

गेल्या मंगळवारी माझ्या हातून मणी सुटला.
आवाज झाला नाही.
किंवा झालाही असेल,
आमच्या पट्ट्याबाहेर.

एसी बंद. "कुणी हलू नका."
सात माणसं गुडघ्यांवर, टॉर्च तिरपे धरून;
तिरप्या उजेडात कणालाही सावली असते.
पर्चेसचे नाईकभाईसुद्धा.
चहावाला पोरगा किटली घेऊन दारातच थिजला.
सापडलं ते असं:
सोल्डरचे थेंब, एक टिकली,
जिथे खायला मनाई तिथे शेवेचा तुकडा,
आणि दीपिकाच्या अंगठीतला खडा,
ज्याच्यापायी दोन वर्षांपूर्वी
सफाईवाल्या मंजुळाबाईंना आम्ही कामावरून काढलं होतं.
खड्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

मणी नाहीच.

बेनना रिटायर होऊन आठ महिने झालेले.
कानाला यंत्र आहे आता, ओरडून सांगावं लागतं.
तरसालीत कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, मग त्या:
"फरशी कशाला चाटताय?
त्याला चुंबकाची सवय. तुझा स्क्रू ड्रायव्हर बघ."
पात्याच्या टोकाला होता.
माझ्याच खिशात, माझ्याबरोबर गुडघ्यांवर
तासभर स्वतःला शोधत.

रात्री सगळे गेल्यावर
जुळवलेल्या पेटीचा कर्णा खिडकीबाहेर वळवला.
हरणीचा रडार: टेकडी उठते, बसते,
चार सेकंदांनी पुन्हा उठते.
टॉवर. टॉवर. मग बराच वेळ नुसती फरशी.
आणि पावणेदहावर एक काडी,
जेमतेम उभी.
खूप वेळ कळेना.
समोरच्या चाळीच्या गच्चीवरची फ्री डिश होती ती,
नुसती ऐकायला बसवलेली.
म्हणजे ऐकणाऱ्यातूनही थोडं गळतंच बाहेर.
बेनना हे ठाऊक असणार.

मी मंजुळाबाईंचा नंबर शोधला.
जुन्या रजिस्टरात होता, एक आकडा पुसलेला.
काडी पडद्यावर तशीच ठेवली.