टाच

आमच्या गावाचं नावच लष्कर,
पण लष्करात कुणालाही बर्फ ठाऊक नव्हता,
गोळेवाल्याच्या रंध्याखालचा सोडून.

बासष्टचा कार्तिक. दौलतगंजातल्या कन्याशाळेत
चित्रकलेच्या वर्गात दुपारी सतरंज्या पडत
आणि कलेक्टर कचेरीतून येई शेवाळी लोकर,
गठ्ठ्याला सुतळी,
सुतळीत खोचलेला टाइप केलेला कागद:
छाती अडतीस. बाही वीस. पायमोजा साडेदहा.
"सगळ्यांची छाती एकच?" ताटकेकाकूंनी विचारलं.
आधी कुणी हसलं नाही,
मग सगळ्याच हसल्या.

मी नऊ वर्षांची. माझं काम हात पुढे करून बसणं.
दोन्ही मनगटांवर लोकरीची लड,
समोर आई गुंडा करतेय,
मी डावीउजवीकडे झुलतेय,
नाक खाजतंय आणि खाजवायची बंदी.
युद्ध म्हटलं की मला अजून
आधी तेच आठवतं.

सुई आणि टाका हे शब्द आमच्याकडे कापडासाठी होते.
इथे सलाया होत्या, सलायांवर फंदे.
फंदा गळला की बायका राम म्हणत
आणि चार ओळी उसवून पुन्हा तिथवर येत.
शितोळेवहिनींना वेणीच्या नक्षीची हौस;
त्यांनी एका स्वेटरच्या पाठीवर चोरून वेणी घातली.
"पाठीवर कोण बघतंय," म्हणाल्या,
आणि म्हणून झाल्यावर
बराच वेळ फक्त सलायांचा आवाज.

स्वेटर जमले. मोज्याची टाच जमेना.
नळी सरळ उतरायची ती उतरतच राहायची;
पाय कुठे वळतो
हे लोकरीला सांगायचं कुणी?
मग फालका बाजारात रजया भरणाऱ्या
हरबंस कौरला बोलावणं गेलं.
तिचं माहेर मरीच्या डोंगरातलं.
सत्तेचाळीसच्या गाडीतून तिच्यासोबत आल्या होत्या
दोन्हीकडून टोकदार अशा चार सलाया.
बाकी काय आलं नाही ते तिने कधी सांगितलं नाही.
कागद तिने वाचला नाही. तिला वाचता येत नव्हतं.
"पैर को याद करो," म्हणाली. "किसी एक का।"

आईने कुणाचा पाय आठवला, मला माहीत नाही.
ताटकेकाकूंचा मोजा बघता बघता रुंद होत गेला;
त्यांचे यजमान ब्रह्मदेशात गेले होते
आणि परत त्यांचं घड्याळ आलं होतं.
त्या आठवड्यात
साडेदहाचा एकही मोजा निघाला नाही.

रेडिओने सांगितलं, थांबलं.
आईच्या सलायांवर टाच अर्धी होती.
ती पुरी करून उठली.
शेवटचा गठ्ठा न्यायला चपराशी आलाच नाही;
गठ्ठा कपाटात गेला,
गुंडाळलेल्या नकाशांच्या खाली.

पासष्टच्या भाद्रपदात कपाट उघडलं.
मोज्यांना कसर लागली होती.
एकदाही पाय न शिरलेले मोजे
टाचेशीच विरलेले,
जणू कुणी कुठल्या कुठे चालून आलं.
ताटकेकाकू तोवर नव्हत्या. त्यांचा जोड
सगळ्यांना लांबूनच ओळखू आला,
आणि आधी कुणी हात लावेना.

मी बारा वर्षांची, भूगोलात पहिली.
म्हटलं, या वेळी पंजाबात आहे लढाई,
सपाटीवर, तिकडे आत्ता उकाडा आहे,
लोकर कशाला?
हरबंस कौरने धागा दाताने तोडला.
"ठंड आएगी," म्हणाली,
आणि तो रुंद मोजा मांडीवर ओढून रफू करायला घेतला.

आईने नवी लड सोडली.
मी सवयीने हात पुढे केले.
मनगटांवर ती आता
घट्ट बसत होती.