सातवा रकाना

रात्री पावणेदोनला, भायखळ्याच्या एका गल्लीत
आम्ही रस्त्याला कान लावतो.
लोखंडी कांब पाइपाच्या चावीवर टेकवायची,
दुसरं टोक कानामागच्या हाडाला,
आणि श्वास धरायचा.
गळती असेल तर बारीक सूं येते,
दूध उतू जाण्याआधी येते तशी.

त्या रात्री चावी बंद होती, तरी पाइप घुमत होता.
"हवा असेल," तांडेल म्हणाले. बत्तीस वर्षांची नोकरी.
"हवाच," मी म्हणाले. माझी दीड वर्षाची, पण खुर्ची मोठी.
प्रणिता भुवड, नवी, हेल्मेट अजून कपाळावर घसरणारं,
म्हणाली, "हवा असती तर आवाज हलला नसता का, मॅडम?
हा एकाच जागी उभा आहे."
मी म्हणाले, "आधी फॉर्म भर."

तिनं भरला.
पुढे महिनाभर काही विचारलं नाही.
काम चोख. सहा रकाने, सुवाच्य अक्षर:
तारीख, ठिकाण, चावी क्रमांक, दाब, शेरा, सही.
मला ते अक्षर टोचायला लागलं.

एका दुपारी पट्टी घेतली
आणि वहीत हातानंच सातवा रकाना आखला:
'काय कळलं नाही'.

दोन महिने कोरा.
कोण लिहील? न कळणं म्हणजे मेमो,
हे आम्ही इथं पहिल्या पगाराआधी शिकतो.
तांडेल तर त्यात आडवी रेघ मारायचे.

शेवटी मीच लिहिलं,
खाली हुद्द्यासकट सही:
'चौदा तारखेचा आवाज. बहुतेक हवा नव्हती.
मला माहीत नव्हतं. माहीत असल्यासारखं बोलले.'

दुसऱ्या दिवशी खाली पेन्सिलीत, तांडेलांचं वाकडं अक्षर:
'तिथं जुनी सहा इंची लाइन आहे. नकाशात नाही.
कुठं जाते, मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही.'

खणायची परवानगी अजून आलेली नाही.
रकाना मात्र आता पुरत नाही, समासात चढतो.
काल प्रणितानं लिहिलंय:
'डोंगरीच्या चढावर पाणी पहाटे चारला पोचतं.
मांजरी पावणेचारलाच नळाशी येऊन बसतात.
त्यांना काय ऐकू येतं?'

आमच्या कामाशी याचा संबंध नाही.
मी सही केली.
शेऱ्यात लिहिलं: तपास चालू.

आज पहाटे कांब घेऊन जायचंय.
तांडेलांनी ग्लुकोजचा पुडा घेतलाय,
म्हणाले, साक्षीदारांसाठी.