नरसम्मा: ४१७

बारा वर्षांपूर्वी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत,
टॉवेलच्या कारखान्यातल्या पत्र्याच्या केबिनमध्ये
मी एक प्रोग्राम लिहीत होतो. लिहीत कसला, जुळवत होतो.
दुस्साशेठ म्हणाले होते, सोमवारी चालताना दाखव,
मग बस नीट करत.
बाहेर बेचाळीस. कूलरमध्ये पाणी नाही.

विणलेला माल, रंगवलेला माल, गेलेला माल,
सगळ्या रकान्यांना नावं मिळाली.
काठ वाकडे, डाग पडलेले, धागा सुटलेले
तेवढे बिननावाचे उरले.
काचेपलीकडे नरसम्मा बसलेली,
एकेक टॉवेल उजेडाला धरायची,
खोट दिसली की डाव्या मांडीशी टाकायची.
मी रकान्याला तिचंच नाव दिलं.
सोमवारपुरतं.

सोमवार झाला, शेठ खूश झाले,
आणि सोमवार कधी संपलाच नाही.
त्या नावावर स्टिकर छापू लागले,
स्टिकरवर चलन, चलनावर हिशेब.
मुख्य खातेवहीचं नाव आजही ‘तात्पुरतं दोन’ आहे.
‘तात्पुरतं एक’ कुठे गेलं, मलाही माहीत नाही.
शिफ्ट सुटताना मॅनेजर ओरडतो,
आज नरसम्मा किती?
नव्या पोरानं ट्रेनिंगच्या वहीत लिहून घेतलंय:
नरसम्मा, खराबी मोजायची जर्मन पद्धत.

एकदा रात्री थांबून बदलायला बसलो.
‘नाकारलेला माल’ असं शुद्ध नाव टाकलं.
पहाटे तीनला स्टिकरचा प्रिंटर
कोरी पट्टी ओकत सुटला, थांबेना.
अंबादास जॉबर चहा घेऊन आला, बघत राहिला.
म्हणाला, आडवा धागा चुकला तर
चार बोटं उसवायचं, पुन्हा विणायचं.
उभा चुकला, की तो थान संपेस्तोवर सोबत येतो.
मी जुनं नाव परत टाकलं.
प्रिंटर गप्प.

परवा ती स्वतः आली.
फंडाच्या कागदावर सही हवी होती.
चष्मा जाड झालाय, पण पडद्यावरचं नाव
तिनं अक्षर अक्षर लावून वाचलं.
माझ्या नावावर चारशे सतरा?
काय आहे ते?
मॅनेजर खिडकीबाहेर बघू लागला.
मी म्हणालो, खराब माल आहे, अम्मा.
घर सुनेच्या नावावर, गाळा दिराच्या, असं काहीसं
ती बोटांवर मोजत राहिली.
मग म्हणाली, एवढा?
माझ्या वेळी दीडशेच्या वर जात नव्हता.
आता बघतंय कोण?

कोणीच बोललं नाही.
टेबलावर पॅकिंगला निघालेला गठ्ठा होता.
तिनं वरचा टॉवेल उचलला, ट्यूबलाइटकडे धरला,
आणि डावीकडे ठेवला.
तिथे मांडी नव्हती, माझी बॅग होती.

शिफ्ट संपली होती.
नोंद दुसऱ्या दिवशी झाली.